उत्तरदात्याच्या ओळखीची माणसे किती, हे कसे काढावे? ठाणे आणि नवी मुंबईत सर्वेक्षण करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून घेणारे विद्यार्थी, संशोधन साहाय्यक आणि सामाजिक संस्थांचे कार्यकर्ते यांच्याकडून या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. हिशोबाची उदाहरणे समजुतीसाठी घेतली आहेत; ती कोणत्याही प्रत्यक्ष सर्वेक्षणातली नाहीत.

ही संख्या काढायची कशासाठी?

दोन कारणांसाठी. पहिले म्हणजे, कोणाला किती माणसे ओळखतात यावर नोकरीची बातमी कानावर येणे, भाड्याची खोली मिळणे, आजारपणात हातउसने पैसे मिळणे अशा अनेक गोष्टी अवलंबून असतात, आणि त्यांचा अभ्यास करायचा तर ओळखींचा आकडा हाताशी असावा लागतो. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. ज्या गटातली माणसे स्वतःहून पुढे येत नाहीत, उदाहरणार्थ अमली पदार्थांचे सेवन करणारे किंवा बेघर, त्यांची संख्या इतर लोकांच्या ओळखींवरून काढता येते. मात्र त्यासाठी प्रत्येक उत्तरदात्याच्या एकूण ओळखी किती, हे आधी ठाऊक असावे लागते.

"तुम्ही किती जणांना ओळखता?" असे सरळ का विचारू नये?

कारण अशी यादी कोणाच्याही डोक्यात तयार नसते. उत्तर येते ते "असतील दोनशे-तीनशे" किंवा "अख्खी कोपरी ओळखते मला" अशा स्वरूपाचे, आणि ते उत्तरदात्याच्या आठवणीपेक्षा त्याच्या स्वभावाबद्दल जास्त सांगते. यात कोणी खोटे बोलत नाही. मोजता न येणारी गोष्ट विचारल्यावर माणूस गोल आकडा देतो, इतकेच. दुसऱ्या टोकाला रोजनिशीची पद्धत आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मायकेल गुरेविच यांनी काही लोकांना शंभर दिवस रोज भेटलेल्या माणसांची नोंद ठेवायला लावली होती. माहिती उत्तम मिळते, पण घोडबंदर रोडवरून रोज दोन-अडीच तास प्रवास करणारा माणूस शंभर दिवस वही लिहील, ही अपेक्षा ठेवून प्रकल्पाचे अंदाजपत्रक करता येत नाही. म्हणून मधला मार्ग शोधावा लागतो.

'ओळखीचा' कोणाला म्हणायचे?

सगळ्या कामाचा पाया हाच आहे आणि नेमका येथेच सर्वांत कमी वेळ दिला जातो. अमेरिकेतल्या सर्वेक्षणांत रूढ झालेली व्याख्या अशी: तुम्ही त्या व्यक्तीला चेहऱ्याने किंवा नावाने ओळखता, तीही तुम्हाला तशीच ओळखते, मनात आणले तर तुम्ही तिच्याशी संपर्क साधू शकता, आणि गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेटून, फोनवर किंवा पत्राने तुमचा संपर्क झालेला आहे. यातला प्रत्येक तुकडा काही ना काही गाळण्यासाठी ठेवलेला आहे. 'तीही तुम्हाला ओळखते' या अटीने मंत्री, नट आणि क्रिकेटपटू बाहेर जातात. 'दोन वर्षांत' या अटीने शाळा सुटल्यापासून न भेटलेले वर्गमित्र जातात. 'संपर्क साधू शकता' या अटीने बसस्टॉपवर रोज दिसणारा अनोळखी चेहरा जातो.

आपल्याकडे मात्र या व्याख्येच्या कडेवर बरीच माणसे उभी असतात, आणि त्यांच्याबद्दलचा निर्णय क्षेत्रकार्य सुरू होण्याआधी लिखित स्वरूपात असला पाहिजे. सकाळच्या ठरलेल्या लोकलमध्ये ठरलेल्या डब्यात रोज भेटणारी, जिच्याशी घरगुती गोष्टी बोलल्या जातात पण जिचे आडनाव आणि फोन नंबर माहीत नाही, ती ओळखीची की नाही? माझ्या मते होय, कारण उद्या त्याच डब्यात ती सापडेल आणि संपर्काची अट पूर्ण होते. सोसायटीचा वॉचमन, घरकामाला येणाऱ्या ताई आणि नेहमीची भाजीवाली हेही मोजावेत, आणि सर्वेक्षकाने हे उत्तरदात्याला स्पष्टपणे सांगावे. न सांगितल्यास बरेच जण त्यांना मनातल्या मनात वगळतात, आणि ते वगळणे संकुलांमध्ये आणि चाळींमध्ये सारखे नसते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज येणारा 'शुभ सकाळ' हा संपर्क मानू नये. त्या व्यक्तीशी वैयक्तिक संदेशांची देवाणघेवाण झाली असेल तरच तो मानावा.

व्याख्या याहून घट्टही करता येते. रवांडात डेनिस फीहान, मॅथ्यू साल्गानिक आणि सहकाऱ्यांनी एकाच सर्वेक्षणात काही उत्तरदात्यांना नेहमीची व्याख्या दिली आणि काहींना 'गेल्या बारा महिन्यांत जिच्यासोबत तुम्ही काही खाल्ले किंवा प्यायले' अशी. दुसऱ्या व्याख्येने ओळखींची संख्या अर्थातच कमी आली, पण जवळच्या माणसांबद्दलची माहिती पक्की असल्याने अंदाज बिघडला नाही. आपल्याकडे 'चहा एकत्र घेतला का' हा प्रश्न कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही. फक्त पुरुष टपरीवर चहा घेतात आणि बायका बहुधा घरात, हे लक्षात ठेवून प्रश्नाची भाषा ठरवावी.

मग प्रत्यक्षात कोणता प्रश्न विचारतात आणि आकडा कसा निघतो?

ज्यांची एकूण संख्या आपल्याला सरकारी नोंदींवरून माहीत आहे, असे काही गट निवडायचे आणि उत्तरदात्याला प्रत्येक गटातले किती जण ओळखीचे आहेत एवढेच विचारायचे. तर्क असा की, एखादा गट शहराच्या लोकसंख्येत जितका टक्का आहे, साधारण तितकाच टक्का तो सरासरी माणसाच्या ओळखींतही असणार.

२०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १८ लाख ४० हजार होती. आपण निवडलेल्या सगळ्या गटांची मिळून संख्या ३६,८०० आहे, म्हणजे लोकसंख्येच्या २ टक्के, असे धरू. एका उत्तरदात्याने या सर्व गटांत मिळून ७ जण ओळखीचे असल्याचे सांगितले. १८,४०,००० ला ३६,८०० ने भागले की ५० येतात, आणि त्याला ७ ने गुणले की ३५०. म्हणजे त्याच्या शहरातल्या ओळखी सुमारे ३५०.

हा एकट्या माणसाचा आकडा फार ढोबळ आहे, हे विसरू नये. सात जणांवर उभा असलेला हा अंदाज, सर्व गृहीतके बरोबर असली तरी, सुमारे १३० ने इकडेतिकडे असू शकतो. गटांची एकत्रित संख्या लोकसंख्येच्या ५ टक्क्यांपर्यंत नेली आणि उत्तरदात्याने १७ जण सांगितले, तर अंदाज ३४० येतो आणि चूक सुमारे ८० वर उतरते. जास्त गट घेण्याचा फायदा तो इतकाच, आणि तो पुरेसा आहे.

ही पद्धत कोठून आली?

१९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात मेक्सिको सिटीत नेमकी किती माणसे दगावली यावर वाद होता. मानवशास्त्रज्ञ रसेल बर्नार्ड, समुद्रविज्ञानातून या विषयाकडे आलेले पीटर किलवर्थ, गणिती यूजीन जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार केला की, शहरातल्या लोकांना 'भूकंपात गेलेले कोणी तुमच्या ओळखीचे होते का' असे विचारले, आणि माणसाला सरासरी किती जण ओळखतात हे माहीत असले, तर मृतांची संख्या काढता येईल. अडचण ही की दुसरा आकडा कोणाकडेच नव्हता. ओळखींची संख्या मोजण्याचे काम त्या अडचणीतून वाढत गेले, आणि पुढे हीच मंडळी अमेरिकेत एचआयव्हीबाधित, बेघर आणि अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या संख्येकडे वळली.

अमेरिकेत 'मायकेल नावाचे किती जण ओळखता?' असे विचारतात. आपण 'संतोष' किंवा 'सुनीता' विचारू शकतो का?

विचारता येते, पण तिकडे जे आयते मिळते ते येथे स्वतः तयार करावे लागते. अमेरिकेत पहिल्या नावांच्या वारंवारतेचे तक्ते सरकारी नोंदींतून उपलब्ध आहेत. आपल्या जनगणनेत नावे गोळा होतात, पण कोणते नाव किती जणांचे आहे याचा तक्ता प्रसिद्ध होत नाही. मतदार याद्या पाहायला मिळतात आणि त्यांतून नावे मोजता येतात. मात्र त्यांत अठरा वर्षांखालचे कोणी नसतात, आणि घर बदलून गेलेल्यांची नावे जुन्या पत्त्यावर राहिलेली असतात.

त्याहून मोठी अडचण माणसे एकमेकांना हाक कशी मारतात ही आहे. शेजारच्या बाई 'जोशी काकू' असतात, समोरच्या 'ओंकारची आई', ऑफिसातले सगळे आडनावाने, आणि गावाकडचा चुलतभाऊ 'बाळू', ज्याचे कागदोपत्री नाव त्याच्या लग्नपत्रिकेवर प्रथम वाचायला मिळते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीला माहेरचे लोक एका नावाने ओळखतात आणि सासरचे दुसऱ्या. त्यामुळे 'सुनीता नावाच्या किती जणी' या प्रश्नाला उत्तर कमी येते, आणि ते पुरुषांच्या नावांपेक्षा स्त्रियांच्या नावांबाबत अधिक कमी येते. शिवाय नाव हे पिढी, धर्म आणि प्रांत यांची खूण असते. नौपाड्यात नेमके बसणारे नाव मुंब्र्यात किंवा नेरुळच्या मल्याळी वस्तीत शून्यच देईल.

टायलर मॅककॉर्मिक, साल्गानिक आणि तियान झेंग यांनी २०१० मध्ये नावे निवडण्याचे नियम मांडले. नावे फार प्रचलित नसावीत, साधारण लोकसंख्येच्या ०.१ ते ०.२ टक्के असावीत, कारण मोजायला दोन-तीनच जण असले की माणूस आठवून सांगतो. आणि निवडलेली सगळी नावे एकत्र केली तर वय आणि लिंग यांची वाटणी समाजातल्या वाटणीसारखी दिसली पाहिजे. यातला दुसरा नियम नावांनाच नव्हे, कोणत्याही गटांना लागू आहे, आणि आपल्यासाठी तोच महत्त्वाचा आहे. नावे येथे पूरक म्हणून ठेवावीत. मुख्य भार इतर गटांवर टाकावा.

ठाणे आणि नवी मुंबईत कोणते गट घ्यावेत?

गटाला चार कसोट्या लावाव्यात: त्याची संख्या विश्वसनीय नोंदीत असावी, तो गट एकाच वस्तीत दाटलेला नसावा, त्यातली माणसे इतरांपेक्षा फार जास्त किंवा फार कमी ओळखीची नसावीत, आणि अमुक माणूस त्या गटातला आहे हे त्याच्या ओळखीच्यांना माहीत असावे. चारही कसोट्यांना पूर्ण उतरणारा गट क्वचितच सापडतो, म्हणून कोणता गट कोठे लंगडा आहे हे जाणून मिश्रण करावे लागते.

महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतले शिक्षक हा गट सोयीचा आहे. संख्या मिळते, पेशा लपत नाही. अंगणवाडी सेविका आणि आशा सेविका मात्र काम म्हणूनच दारोदार जातात, त्यामुळे वस्तीतल्या प्रत्येकाला त्या माहीत असतात आणि अंदाज फुगतो. उलट रात्रपाळीचा सुरक्षारक्षक फार थोड्यांना ओळखतो. गृहनिर्माण संस्थांचे सचिव हा गट मला आवडतो, कारण नोंदणीकृत संस्थांची संख्या निबंधकांकडे असते आणि प्रत्येक संस्थेला सचिव एकच. तरी चाळीत किंवा झोपडपट्टीत राहणाऱ्याला सचिव ओळखीचा असण्याची शक्यता कमी, म्हणून लोकमान्य नगर आणि हिरानंदानी इस्टेट यांची तुलना या गटावरून करू नये.

'गेल्या बारा महिन्यांत बाळंत झालेल्या स्त्रिया' हा परदेशी प्रश्नावल्यांतला लाडका गट आहे. येथे तो जपून वापरावा. जन्माची नोंद जेथे जन्म झाला त्या ठिकाणी होते, आईच्या राहत्या पत्त्यावर नाही, आणि पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. ठाण्यात राहणारी सून कराडला बाळंत होते आणि डोंबिवलीत दिलेली लेक ठाण्याला येते. नोंद आणि ओळख यांचे शहर वेगवेगळे पडते.

रिक्षा परवानाधारक, पोलीस आणि परिवहन कर्मचारी यांचे आकडे मिळतात, पण ते कोणत्या हद्दीचे आहेत ते तपासावे. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत भिवंडी, कल्याण, डोंबिवली आणि उल्हासनगरही येतात; नवी मुंबई आयुक्तालयात पनवेल आणि उरण येतात. ठाणे परिवहनचा वाहक बदलापूरला राहत असू शकतो. म्हणून प्रश्नात 'काम करणारे' आहे की 'राहणारे', हे शब्द एकदा ठरले की कोणत्याही प्रश्नात बदलू नयेत. आषाढी वारीला जाणारे, गोविंदा पथकातले, भजनी मंडळातले असे गट उत्तरदात्यांना लगेच समजतात, पण त्यांची शहरवार अधिकृत संख्या कोठे नसल्याने हिशोबाला उपयोगी पडत नाहीत.

सरकारी आकडा मिळत नसेल तर एक मार्ग उरतो: आपल्याच सर्वेक्षणात कुटुंबातल्या सदस्यांची यादी भरून घेताना प्रत्येक सदस्य त्या गटात आहे का, हे नोंदवणे. चारशे घरांत मिळून सोळाशे माणसे भरली आणि गट १ टक्क्याचा असला, तर त्यात सोळा जण सापडतील. तेवढ्यावरून काढलेल्या प्रमाणात २५ टक्क्यांची चूक सहज असते. म्हणून हा मार्ग मोठ्या गटांपुरताच ठेवावा.

एकूण लोकसंख्या कोणती धरायची? महापालिकेची, जिल्ह्याची की राज्याची?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे. सूत्रात एकूण लोकसंख्या वर असते आणि गटाची खाली. दोन्ही एकाच हद्दीतल्या आणि एकाच काळातल्या नसतील तर उत्तराला अर्थ राहत नाही. आणि उत्तरदाता ज्यांची मोजणी करतो आहे, तीही त्याच हद्दीतली हवीत.

ठाणेकराच्या ओळखी हद्द पाळत नाहीत. तो राहतो ठाण्यात, नोकरीला जातो फोर्टला किंवा अंधेरीला, बहीण दिली आहे पुण्याला, आणि गाव रत्नागिरी, सातारा किंवा जळगाव जिल्ह्यात. त्याला नुसते 'किती शिक्षक ओळखता' असे विचारले तर तो गावच्या शाळेतले गुरुजीही मोजणार, आणि आपण मात्र त्यांना ठाणे शहरातल्या शिक्षकांच्या संख्येने भागणार. आकडा फुगलेला येईल आणि कोणाला संशयही येणार नाही, कारण तो अशक्य वाटण्याइतका मोठा नसेल.

हद्दींचे आकडेही सावधपणे वापरावेत. २०११ च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा १,१०,६०,१४८ लोकसंख्येचा आहे, पण त्यात आजचा पालघर जिल्हा आहे, जो १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. नवी मुंबई महापालिकेची २०११ ची लोकसंख्या सुमारे ११ लाख २० हजार. मात्र खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल हे नोड त्या महापालिकेत नाहीत, ते २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतात. तेथे राहणारा माणूस पत्ता सांगताना 'नवी मुंबई' असेच सांगतो, त्यामुळे प्रश्नात 'नवी मुंबई' एवढेच न म्हणता 'दिघा ते बेलापूर' असे म्हणावे. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे, तोवर २०११ च्या लोकसंख्येला आजच्या शिक्षकसंख्येने भागण्याचा मोह टाळावा. लोकसंख्या जुनी तर गटही जुना घ्यावा, किंवा दोन्हींसाठी त्याच वर्षाचा अंदाज घ्यावा.

माझी शिफारस अशी की प्रत्येक प्रश्नातच हद्द घालावी: "काकू, ठाणे महापालिकेच्या हद्दीत राहणारे, आणि शाळेत शिकवणारे, असे किती जण तुमच्या ओळखीचे आहेत?" यातून निघणारा आकडा हा शहरातल्या ओळखींचा आकडा आहे, एकूण ओळखींचा नाही, हे अहवालात स्पष्ट लिहावे. शहराबाहेरच्या ओळखी खाली दिलेल्या बेरजेच्या पद्धतीने स्वतंत्रपणे काढाव्यात. संपूर्ण महाराष्ट्र, म्हणजे २०११ चे ११ कोटी २३ लाख, ही हद्द धरण्याचाही पर्याय आहे. तेव्हा गट मात्र राज्यभर सारख्या प्रमाणात पसरलेले हवेत, कारण ठाण्याच्या माणसाच्या ओळखी मुंबई, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रात दाट असतात आणि गडचिरोलीत बहुधा नसतात.

नवी मुंबईत एकाच गटाबद्दल काहींचे उत्तर शून्य आणि काहींचे पन्नास येते. यात चूक कोणाची?

कोणाचीच नाही. माणसे शहरात मिसळून राहत नाहीत, हे त्यातून दिसते. माथाडी कामगारांचे उदाहरण घ्या. १९६९ च्या माथाडी कायद्याने स्थापन झालेल्या मंडळांकडे कामगारांची नोंदणी असल्याने संख्या मिळते, पण कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीत राहणाऱ्याला असे पन्नास जण ओळखतात, आणि सीवूड्सच्या टॉवरमधल्या संगणक अभियंत्याला एकही नाही. सिडकोने जमिनी संपादित केलेल्या मूळ गावांतल्या आगरी-कोळी प्रकल्पग्रस्तांबाबतही असेच होते.

साधे सूत्र असे गृहीत धरते की प्रत्येक गट प्रत्येकाच्या ओळखींत यदृच्छेने विखुरलेला आहे. झेंग, साल्गानिक आणि अँड्र्यू गेलमन यांनी २००६ मध्ये दाखवले की काही गटांच्या उत्तरांतला फरक या गृहीतकाने येईल त्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. अमेरिकेत तुरुंगातले कैदी आणि बेघर हे असे गट निघाले, तर सामान्य नावे बरीचशी गृहीतकाजवळ राहिली. त्यांनी हा फरक चूक म्हणून टाकून न देता समाजातल्या भिंती मोजण्यासाठी वापरला, आणि तो विचार नवी मुंबईसारख्या नोडनोडच्या शहराला फार लागू पडतो. ओळखींची संख्या काढण्यासाठी मात्र असे दाटलेले गट घेऊ नयेत. घेतलेच तर कमीत कमी दोन-तीन वेगवेगळ्या वस्त्यांत दाटलेले गट एकमेकांना तोलतील असे घ्यावेत.

उत्तरदाते विसरतात त्याचे काय करायचे?

विसरण्याला दिशा असते. मोठ्या गटातली माणसे कमी मोजली जातात आणि छोट्या, ठळक गटातली थोडी जास्त. 'मधुमेह असलेले किती जण' या प्रश्नाला उत्तरदाता दहा-बारा नावे आठवतो आणि थांबतो, जरी प्रत्यक्षात त्याच्या ओळखीत पन्नास असले. मधुमेहाबाबत दुसरीही गोष्ट घडते: कित्येकांचा आजार ओळखीच्यांना माहीतच नसतो. म्हणून लोकसंख्येच्या १ टक्क्याहून मोठे गट शक्यतो टाळावेत, दिसत नसलेले गुण टाळावेत, आणि एका गटाच्या प्रश्नाला वीस-तीस सेकंद शांतपणे द्यावेत. सर्वेक्षकाने पेन उत्तराच्या चौकटीवर टेकवून वाट पाहिली की उत्तरदाता घाई करतो.

गटांशिवाय दुसरी पद्धत आहे का?

आहे, बेरजेची. ओळखींचे वर्ग पाडायचे आणि प्रत्येक वर्गात किती जण ते विचारून बेरीज करायची. ख्रिस्तोफर मॅककार्टी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दोन्ही पद्धतींची तुलना केली, तेव्हा अमेरिकी उत्तरदात्यांची सरासरी दोन्हींनी सुमारे २९० आली. आपल्याकडे वर्ग असे पाडता येतील: घरचे आणि भाऊबंद, सासरचे किंवा माहेरचे, सोसायटी किंवा चाळ, कामाचे ठिकाण, प्रवासातले, मुलांच्या शाळेमुळे ओळख झालेले पालक, भिशी, मंडळ आणि देवस्थान, गावचे, आणि सेवा देणारे. एकच व्यक्ती दोन वर्गांत येते, म्हणून 'आधी मोजलेली व्यक्ती पुन्हा मोजू नका' ही सूचना प्रत्येक वर्गाच्या आधी द्यावी. मोठ्या वर्गांत, विशेषतः गावचे आणि कामाचे, पुन्हा गोल आकडेच येतात. म्हणून ही पद्धत एकटी वापरण्यापेक्षा पडताळणीसाठी आणि शहराबाहेरच्या ओळखींसाठी वापरावी.

फोनमधले संपर्क मोजले तर?

त्यात गॅसवाला, कुरिअरवाला आणि बंद पडलेले नंबर असतात, आणि रोज भेटणारा शेजारी नसतो. कित्येक घरांत फोन एकच असतो. उपयोग नाही.

माणसाच्या ओळखी १५० च असतात असे वाचले होते. मग ३५० कसे?

तो आकडा मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचा. १९९२ मध्ये त्यांनी माकडवर्गातल्या प्राण्यांच्या मेंदूच्या आकारावरून, माणूस किती जणांशी टिकाऊ संबंध राखू शकेल याचा अंदाज मांडला. आपण मोजतो आहोत ते ओळखीचे सगळे. डनबार बोलतात ते नाते जपण्याजोग्या वर्तुळाबद्दल. आणखी आत गेले की आकडा फारच लहान होतो: अमेरिकेच्या सामान्य सामाजिक सर्वेक्षणात 'महत्त्वाच्या गोष्टी कोणाशी बोलता' असे विचारल्यावर १९८५ मध्ये सरासरी सुमारे तीन नावे आली आणि २००४ मध्ये सुमारे दोन, आणि ही घट खरी की मुलाखतीच्या पद्धतीमुळे, यावर नंतर वाद झाला. उलट बाजूने, ज्या माहितीवरून २९० आले तिचेच अधिक बारकाईचे विश्लेषण करून मॅककॉर्मिक यांच्या गटाने सरासरी ६११ आणि मध्यक (सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ४७२ काढला. व्याख्या आणि हिशोब सांगितल्याशिवाय नुसता आकडा कोणी पुढे केला, तर त्यावर चर्चा करू नये.

नगरसेवक, विमा एजंट, डॉक्टर यांची उत्तरे फार मोठी येतात. ती वगळावीत का?

नाही. ओळखींची वाटणी मुळातच एका बाजूला लांब शेपटी असलेली असते. मॅककार्टी यांच्या अभ्यासात चर्चच्या धर्मोपदेशकांचे वेगळे सर्वेक्षण केले, तेव्हा त्यांच्या ओळखी अपेक्षेप्रमाणे इतरांहून जास्त निघाल्या, आणि पद्धत काहीतरी खरे मोजते याचा तो एक पुरावा मानला गेला. सरासरीबरोबर मध्यकही द्यावा म्हणजे झाले. मात्र प्रत्येक गटाला नेमके दहा किंवा पन्नास असेच उत्तर आले असेल, तर ते आठवून दिलेले नाही. अशा फॉर्मवर पर्यवेक्षकाने पुन्हा जावे.

घरोघरी फिरणे अवघड जाते. एका उत्तरदात्याकडून पुढच्याचे नाव घेतले तर?

या विषयात तरी घेऊ नये. स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये दाखवले की आपल्या मित्रांना सरासरीने आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात, कारण ज्याला पुष्कळजण ओळखतात तो पुष्कळांच्या यादीत येतो. ओळखीतून ओळख काढत गेलात तर तुमच्याकडे पुष्कळ ओळखी असलेली, मनमिळाऊ माणसेच जमा होतील आणि सरासरी वर जाईल. दिव्याला नुकताच राहायला आलेला, कोणालाच न ओळखणारा भाडेकरू त्या साखळीत कधीच येणार नाही. उत्तरदात्यांची संख्या चारशेवरून दोन हजारांवर नेली तरी हा कल कमी होत नाही.

लपलेल्या गटाची संख्या काढताना एवढे पुरते का?

पुरत नाही, कारण अशा गटातली माणसे आपली गोष्ट सर्वांना सांगत नाहीत. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात अमली पदार्थांच्या तीव्र सेवनाबाबत साल्गानिक आणि सहकाऱ्यांनी हे काम केले, तेव्हा ओळखींवरून काढलेले अंदाज नेहमीच्या पद्धतींच्या अंदाजांपेक्षा पाच ते दहा पट जास्त आले. त्या गटातल्या लोकांनाही वेगळे भेटून, 'तुम्ही ज्यांना ओळखता त्यांतल्या किती जणांना तुमच्या सेवनाबद्दल माहीत आहे' हे विचारावे लागते. त्या दुसऱ्या सर्वेक्षणाची सोय नसेल, तर ओळखींची संख्या काढून थांबावे आणि लपलेल्या गटाचा आकडा जाहीर करू नये.

मुलाखतीत कोणती काळजी घ्यावी?

नावे विचारू नयेत, लिहूही नयेत; आपल्याला फक्त संख्या हवी आहे आणि हे सुरुवातीलाच सांगितले की उत्तरदाता मोकळा होतो. सुनेची मुलाखत सासूबाईंसमोर घेतली तर माहेरच्या आणि कामाच्या ठिकाणच्या ओळखी कमी सांगितल्या जातात, तेव्हा वेगळी वेळ मागून घ्यावी. पुरुष उत्तरदाता आत वळून "अगं, आपल्या ओळखीचे शिक्षक किती?" असे विचारू लागला, तर नम्रपणे सांगावे की दादा, फक्त तुमच्या ओळखीचे सांगा, नाहीतर एका फॉर्मवर दोन माणसांच्या ओळखी जमा होतात.

गुगल फॉर्मवर ही प्रश्नावली पाठवता येईल का?

पाठवता येते, पण सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला फॉर्म कोण भरतो याचा विचार वरच्या साखळीच्या प्रश्नात आलाच आहे. तांत्रिक बाब एकच: प्रत्येक गटाच्या प्रश्नाला उत्तर देणे बंधनकारक करावे आणि 'कोणीही नाही' असल्यास शून्य लिहायला सांगावे. लोक शून्य लिहिण्याऐवजी चौकट रिकामी ठेवतात, आणि ती रिकामी चौकट 'कोणी नाही' आहे की 'प्रश्न वगळला' आहे हे नंतर ठरवता येत नाही. कागदी फॉर्मवरही हाच नियम ठेवावा.